एमडीनंतर पुढं काय? महाड, जामखेड आणि आपली परभणी

परवा ओळखीतल्या एका घरी चहाला गेलो होतो. पोरगी एमडी मेडिसिन झालीय, बॉण्डचं वर्ष संपत आलंय. आता पुण्याला जाऊन अतिदक्षता विषयातली फेलोशिप करायची की इथंच दवाखाना टाकायचा, यावर घरात पंधरा दिवस खल चालू. बापानं दोन एकर विकून तिला शिकवलं. मला म्हणाले, "तुम्ही पेपरवाले, सांगा बरं. अजून किती वर्षं शिकायचं माणसानं?"

मी काही डॉक्टर नाही. उत्तर दिलं नाही. पण घरी येऊन जुनं वाचत बसलो, ते इथं लिहितोय.

हा प्रश्न आपल्या भागाला तसा नवाच. निजामाच्या काळात डॉक्टर व्हायचं तर हैदराबाद गाठावं लागे. औरंगाबादला सरकारी मेडिकल कॉलेज आलं 1956 ला, अंबाजोगाईला 1974 ला, नांदेडला 1988 ला, लातूरला 2002 ला. परभणीचा नंबर लागला 2023 ला! म्हणजे औरंगाबादनंतर 67 वर्षांनी. आपल्याकडं पोरगं नुसतं एमबीबीएस झालं तरी गाव सत्कार करायचं. त्याच्या पुढचं कोण विचारणार?

एकानं विचारलं होतं. डॉ. हिंमतराव बावस्कर, आपल्या शेजारच्या जालना जिल्ह्यातल्या देहेडचे. गरीब शेतकऱ्याचं पोर, नागपुरातून एमबीबीएस, आणि 1976 ला नोकरी लागली कोकणात, महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात. तिथं लाल विंचू चावून माणसं मरत होती, लहान लेकरंसुद्धा. तेव्हा पुस्तकात यावर धड इलाज नव्हता. बावस्कर पेशंटच्या उशाशी बसून नाडी, बीपी, घाम, सगळं टिपून ठेवायचे. विंचवाच्या विषानं आधी बीपी भयंकर वाढतं, मग हृदय थकतं, फुप्फुसात पाणी भरतं आणि माणूस जातो, हे त्यांना अशा टिपणांतून उमगत गेलं.

मग ते पुण्याला बी. जे. मेडिकलला एमडी करायला गेले. आणि परत कोकणात आले! तिकडं मोठ्या शहरात बसले असते तर कोण काय म्हणणार होतं? पुढं प्राझोसिन ही बीपीची साधी गोळी त्यांनी विंचूदंशाला वापरून बघितली. 1986 ला 'लॅन्सेट'मध्ये ते छापून आलं. शंभरातले तीस-चाळीस दगावायचे, ते प्रमाण एकाच्या आसपास आलं. पत्नी डॉ. प्रमोदिनी या कामात बरोबरीनं होत्या. 2022 ला पद्मश्री मिळाली. आपल्यापैकी किती जणांना हा माणूस मराठवाड्याचा आहे हे ठाऊक असेल, शंका आहे.

दुसरी गोष्ट जामखेडची. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे वेल्लोरला शिकले, मग नगर जिल्ह्यात वडाळ्याच्या मिशन दवाखान्यात काही वर्षं राबले. बरे करून घरी पाठवलेले पेशंट तोच आजार घेऊन परत यायचे. 1966 ला दोघं फुलब्राइट शिष्यवृत्तीवर अमेरिकेला गेले, तिथं रेसिडेन्सी केली. इथं खरी गंमत आहे. रेसिडेन्सी झाल्यावर तिकडं पैसा होता, जागा होत्या. यांनी जॉन्स हॉपकिन्समध्ये सार्वजनिक आरोग्य शिकायचं ठरवलं आणि 1970 ला थेट जामखेड गाठलं. लगेच 1972 चा दुष्काळ आला. गावातल्या साध्या, बहुतेक निरक्षर बायकांना त्यांनी आरोग्यसेविका बनवलं. 1979 ला मॅगसेसे मिळालं. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंगही हॉपकिन्सला जाऊन आले, मग गडचिरोलीत बसले. पण त्यांच्यावर सगळेच लिहितात, मी थांबतो.

यात मला एक गोष्ट सारखी दिसते. पुढचं शिकायला निघण्याआधीच यांच्या डोक्यात गावातला एक प्रश्न पक्का होता. नावापुढं अजून एक पाटी हवी म्हणून कोणी गेलं नाही. आणि त्यागाचं फार कौतुक करू नका राव, बावस्करांनी महाडला स्वतःचं हॉस्पिटल काढलं, पोटपाणी त्यांनाही होतंच.

आता आपलं बघा. हार्टचा नाहीतर विष प्यायलेला पेशंट बिघडला की परभणीकर अ‍ॅम्ब्युलन्स नांदेडकडं नाहीतर संभाजीनगरकडं पळवतात. नांदेड साठ-सत्तर किलोमीटर, संभाजीनगर दोनशेच्या घरात. म्हणून अतिदक्षतेचं शिकलेला माणूस इथं पाहिजेच. पण तो आल्यावर रात्रीची शिकलेली नर्स, चालू व्हेंटिलेटर, वेळेत रिपोर्ट देणारी लॅब कोण देणार? ते नसेल तर एका वर्षाची फेलोशिप फ्रेम करून भिंतीला लावा, बस्स. हे पोरीला विचारायच्या आधी आपल्या पुढाऱ्यांना विचारा. आरोळेंना जामखेडनं बोलावलं होतं. आपण कोणाला बोलावलंय?

काल परत त्या घरी गेलो, हे सगळं सांगितलं. बाप ऐकत होते. पोरगी आत गेली आणि एक शंभरपानी वही घेऊन आली. बॉण्डच्या वर्षात तिनं पुढं पाठवलेला प्रत्येक पेशंट त्यात लिहिलेला. वय, आजार, किती वाजता पाठवला, पोहोचला का. बऱ्याच ओळींपुढं लाल पेनानं फुली होती.

बापानं चष्मा लावला आणि पहिल्या पानापासून वाचायला सुरुवात केली. फॉर्म भरायला अजून आठ दिवस आहेत.