निवडलेले आणि राहून गेलेले

शाळेच्या मैदानावर मुले गडी कसे वाटून घेतात हे आपण रोज पाहतो. दोन कप्तान समोरासमोर उभे राहतात आणि एकाआड एक गडी मागून घेतात. पहिले दोन-तीन गडी कोण असणार हे सगळ्यांना आधीच ठाऊक असते. शेवटी उरलेल्यांकडे फारसे कोणी पाहत नाही. या निवडीमागे एक अंदाज असतो : कोण चांगले खेळेल? हा अंदाज किती बरोबर ठरतो, आणि चुकला तर ते आपल्याला कळते का, हे या लेखात पाहू.

अमेरिकेत मोठी माणसे हाच खेळ कोट्यवधी डॉलर लावून खेळतात. तिथल्या फुटबॉलमध्ये चेंडू मुख्यतः हातात घेऊन पळतात आणि हातानेच फेकतात. या खेळाचे व्यावसायिक संघ दरवर्षी महाविद्यालयांतील तरुण खेळाडूंना पाळीपाळीने उचलतात. या पद्धतीला ‘ड्राफ्ट’ म्हणतात. पहिला ड्राफ्ट १९३६ साली फिलाडेल्फिया शहरात झाला. मागच्या मोसमात तळाला राहिलेल्या संघाने आधी निवड करायची असा नियम होता, म्हणजे दुबळ्या संघाला बळ मिळावे. नऊ संघांनी नऊ फेऱ्यांत ८१ खेळाडू निवडले. पहिल्या क्रमांकावर नाव आले जे बर्वांगर याचे. पैशांवरून त्याचे जमले नाही आणि तो व्यावसायिक फुटबॉलचा एकही सामना खेळला नाही. ड्राफ्टच्या इतिहासातली पहिलीच निवड अशी वाया गेली.

पुढे निवडीची साधने वाढली. उंची, वजन, उडी, ४० यार्डांची धाव, सारे काही मोजले जाऊ लागले. तरी २००० सालच्या ड्राफ्टमध्ये टॉम ब्रेडी हा खेळाडू १९९ व्या क्रमांकावर उचलला गेला. त्याच्या आधी १९८ जणांना पसंती मिळाली होती. ४० यार्ड, म्हणजे सुमारे साडेछत्तीस मीटर, धावायला त्याला ५.२८ सेकंद लागले होते. फुटबॉलपटूच्या मानाने ही धाव मंदच म्हणायची. पण ब्रेडीचे काम धावण्याचे नव्हतेच. चेंडू कोणाकडे फेकायचा हे दोन-तीन सेकंदांत ओळखणे हे त्याचे काम होते. पुढे त्याच्या संघांनी सात वेळा अजिंक्यपद मिळवले. धाव घड्याळावर मोजता येत होती म्हणून मोजली गेली. ओळखण्याची शक्ती मोजण्याचे घड्याळ नव्हते.

घड्याळ नसलेल्या गोष्टी मोजण्याचा एक गंभीर प्रयत्न १९६० च्या दशकात झाला, आणि तो करणारा माणूस भारतातून गेलेला होता. सलाम कुरेशी हे तिथे संगणकाच्या क्षेत्रात काम करत. डॅलसच्या संघाने त्यांना खेळाडूंच्या निवडीसाठी संगणकाची मदत मागितली. कुरेशींना क्रिकेट माहीत होते, अमेरिकन फुटबॉल नव्हते. त्यांच्यापुढची खरी अडचण भाषेची होती. खेळाडू पाहायला गावोगाव फिरणारे निरीक्षक ‘चपळ’ आणि ‘जिद्दी’ असे शब्द वापरत, पण एकाचा ‘चपळ’ दुसऱ्याचा ‘बरा’ असे. म्हणून आधी गुण ठरवले : स्वभाव, चपळता आणि शरीरावरचा ताबा, चुरस, बुद्धीची तरतरी, ताकद. मग प्रत्येक गुणासाठी ठरावीक वाक्ये तयार केली आणि त्यांना अंक देण्याची रीत घातली. उत्तरपत्रिका तपासणाऱ्या शिक्षकांना ही अडचण नवी नाही. एकाच उत्तराला एक परीक्षक सहा गुण देतो, दुसरा चार. कुरेशींनी गणकयंत्र वापरले खरे, पण त्याआधी त्यांना माणसांची मोजपट्टी एकसारखी करावी लागली.

आपल्याकडे क्रिकेटमध्ये थोड्या काळासाठी का होईना, हुबेहूब असाच ड्राफ्ट झाला. मार्च २००८ मध्ये भारताच्या १९ वर्षांखालील संघाने क्वालालंपूरला विश्वचषक जिंकला. त्याच महिन्यात आयपीएलच्या संघांनी या मुलांना पाळीपाळीने उचलले. दिल्लीच्या संघाने घरचा विराट कोहली सोडून प्रदीप संगवान या डावखुऱ्या वेगवान गोलंदाजाला घेतले, आणि कोहली बंगळूरकडे गेला. आज ही निवड हसण्यावारी नेली जाते. पण दिल्लीकडे सेहवाग, गंभीर असे फलंदाज आधीच होते आणि त्यांना गोलंदाज हवा होता. त्या दिवशी हाती असलेल्या माहितीवर तो निर्णय अडाणीपणाचा नव्हता. निकाल कळल्यावर निर्णयाची परीक्षा करणे सोपे असते. निर्णय घेणाऱ्याजवळ मात्र निकाल नसतो.

आता अहमदनगर जिल्ह्याकडे, म्हणजे आजच्या अहिल्यानगरकडे वळू. हा जिल्हा महाराष्ट्र क्रिकेट संघटनेच्या क्षेत्रात येतो. इथे जन्मलेले दोन खेळाडू भारताच्या कसोटी संघात पोचले : श्रीरामपूरचा झहीर खान (जन्म १९७८) आणि संगमनेर तालुक्यातील आश्वी खुर्दचा अजिंक्य रहाणे (जन्म १९८८). दोघांच्याही वाटा जिल्ह्याबाहेरून गेल्या.

झहीर इंजिनिअरिंगची वाट सोडून सतराव्या वर्षाच्या सुमारास मुंबईला आला. तिथे माजी कसोटीपटू सुधीर नाईक यांनी त्याला नॅशनल क्रिकेट क्लबमध्ये घेतले. मुंबईच्या १९ वर्षांखालील संघापर्यंत तो पोचला, पण मुंबईच्या रणजी संघाचे दार उघडले नाही. दरम्यान टी. ए. शेखर यांची नजर त्याच्यावर पडली आणि तो चेन्नईच्या एम. आर. एफ. पेस फाउंडेशनमध्ये गेला. १९८७ साली डेनिस लिली यांच्या मार्गदर्शनाखाली सुरू झालेली ही संस्था फक्त वेगवान गोलंदाज घडवते. रणजी सामने तो अखेर बडोद्याकडून खेळला. २०००–०१ च्या अंतिम सामन्यात रेल्वेविरुद्ध दुसऱ्या डावात त्याने ४३ धावांत पाच बळी घेतले आणि बडोदा जिंकला. त्याआधीच, २००० साली, तो भारताकडून खेळू लागला होता.

गोष्ट इथे संपत नाही. पाच वर्षांनी झहीर संघाबाहेर होता. २००६ च्या उन्हाळ्यात तो इंग्लंडमध्ये वूस्टरशर कौंटीकडून खेळला आणि एका मोसमात ७८ बळी घेऊन परतला. त्याला पुन्हा पाहिले गेले, पुन्हा घेतले गेले. २००७ मध्ये नॉटिंगहॅमला त्याने कसोटीत नऊ बळी घेतले. २०११ च्या विश्वचषकात २१ बळी घेऊन तो सर्वाधिक बळी घेणाऱ्यांत बरोबरीने पहिला होता. कारकिर्दीच्या शेवटी कसोटी बळी झाले ३११. श्रीरामपूर, मुंबई, चेन्नई, बडोदा, वूस्टर : यांतले एखादे दार बंद असते, तर कदाचित आपण त्याचे नावही ऐकले नसते.

रहाणेचे कुटुंब डोंबिवलीला आले आणि तो तिथे वाढला. पुढे प्रवीण आमरे यांच्याकडे शिकला. सप्टेंबर २००७ मध्ये कराचीत प्रथम श्रेणीच्या पहिल्याच सामन्यात त्याने १४३ धावा केल्या. २००८–०९ च्या रणजी मोसमात त्याच्या १०८९ धावा झाल्या. तरी कसोटी पदार्पणासाठी त्याला मार्च २०१३ उजाडला, आणि दिल्लीतल्या त्या सामन्यात त्याच्या धावा होत्या ७ आणि १. एवढ्यावरच त्याला पारखले असते तर? डिसेंबर २०१३ मध्ये डर्बनला त्याने नाबाद ५१ आणि ९६ धावा केल्या. पुढे कसोटीत १२ शतके काढली. दोन डाव म्हणजे फार लहान नमुना. मोसमभराच्या १०८९ धावा त्याहून कितीतरी अधिक सांगतात. एका घटक चाचणीवरून मुलाची बुद्धी ठरवू नये असे आपण म्हणतो, त्याचे कारण हेच आहे.

निवडीतली दुसरी फसगत समजायला याच जिल्ह्यातले एक उदाहरण उपयोगी पडेल. राहुरीला १९६८ साली स्थापन झालेले कृषी विद्यापीठ आहे. शेतकरी बियाण्यासाठी कणसे निवडतो तेव्हा सगळ्यांत टपोरे कणीस पुष्कळदा बांधाकडच्या ओळीत सापडते. तिथे एका बाजूला दुसरी ताटे नसतात, त्यामुळे ऊन, पाणी, खत यांचा वाटा जास्त मिळतो. कणीस मोठे आहे हे खरे. पण तो मोठेपणा बियाण्याचा की जागेचा? त्याचेच बी शेताच्या मध्यावर पेरले तर ते इतरांसारखेच उतरण्याचा संभव मोठा. म्हणून कृषिशास्त्रज्ञ चाचणीत बांधाकडच्या ओळी मोजणीतून वगळतात. प्रत्येक वाण अनेक वाफ्यांत लावतात आणि कोणता वाफा कोणाला हे चिठ्ठ्या टाकून ठरवतात. नव्या वाणाची शिफारस करण्याआधी ते अनेक गावांत, अनेक हंगाम, जुन्या वाणाशेजारी पेरून पाहतात.

मुलांमध्येही बांधाकडची ओळ असते. कोणाला शहरात प्रशिक्षक मिळतो, कोणाला चांगले बूट, कोणाला घरी दूध. आणि कोणाला नुसती जन्मतारीख. १९८० च्या दशकात कॅनडात असे आढळले, की आइस हॉकीच्या निवडक संघांत जानेवारी ते मार्चमध्ये जन्मलेली मुले खूप जास्त होती. तिथे वयोगट १ जानेवारीपासून मोजत. म्हणजे एकाच गटात जानेवारीतला मुलगा डिसेंबरमधल्या मुलापेक्षा जवळजवळ वर्षाने मोठा. दहाव्या वर्षी हा फरक बोटभर उंचीचा आणि पुष्कळ ताकदीचा असतो. मोठा दिसला म्हणून निवडला, निवडला म्हणून सराव जास्त मिळाला, सराव मिळाला म्हणून खरोखरच पुढे गेला. अंदाज बरोबर ठरला असे वाटते, पण तो अंदाजानेच खरा करून दाखवलेला असतो.

आता थोडे गणित करू. ते नववीच्या वर्गात फळ्यावरही मांडता येईल. आकडे कल्पित आहेत. समजा २०० मुले निवड चाचणीला आली आणि त्यांतली २० खरोखर गुणी आहेत. आपली चाचणी चांगली आहे : दर पाचांपैकी चार वेळा ती बरोबर सांगते. मग २० गुणी मुलांपैकी १६ निवडली जातील, ४ राहून जातील. उरलेल्या १८० मुलांपैकी एक पंचमांश, म्हणजे ३६, चुकून निवडली जातील. एकूण निवडली ५२, त्यांत गुणी फक्त १६.

इथे चुका दोन प्रकारच्या झाल्या. ती ३६ मुले पुढे खेळतील आणि त्यांच्याबाबतची चूक वर्षभरात उघड होईल. पण राहून गेलेली ४ मुले घरी जातील. ती पुन्हा मैदानावर येणार नाहीत, त्यामुळे त्यांच्याबाबतची चूक कधीच उघड होणार नाही. निवड समितीच्या वहीत तिची नोंद नसेल. आपण निवडलेल्यांचे यश पाहतो आणि आपली पारख अचूक होती असे म्हणतो.

उपाय काय? राहिलेल्या १४८ मुलांना सहा महिन्यांनी दुसरे दार उघडून द्या. तीच चाचणी, दुसरे परीक्षक. ४ गुणी मुलांपैकी साधारण ३ सापडतील. त्यांच्याबरोबर २९ चुकीची मुलेही येतील, तो त्याचा खर्च. आता हातचे फक्त एक मूल गेले. चाचणी आपण मुळीच सुधारली नाही, फक्त दारे वाढवली. झहीरच्या बाबतीत नेमके हेच घडले. एका दारातून रणजी संघात जाता आले नाही, दुसऱ्यातून गेला.

ही दारे केवळ नशिबावर सोडू नयेत असा विचार भारतात २००२ साली झाला. क्रीडा पत्रकार मकरंद वायंगणकर यांच्या कल्पनेतून आणि दिलीप वेंगसरकर यांच्या अध्यक्षतेखाली क्रिकेट मंडळाने गुणशोधाची एक स्वतंत्र शाखा सुरू केली. माजी खेळाडूंनी लहान गावांतले सामने जाऊन पाहायचे आणि लेखी अहवाल द्यायचे अशी ती योजना होती. २००३ साली प्रकाश पोद्दार यांनी जमशेदपूरला महेंद्रसिंग धोनीला खेळताना पाहून अहवाल पाठवला. धोनीचे वय योजनेच्या १९ वर्षांच्या मर्यादेपलीकडे होते, पण वेंगसरकरांनी ती मर्यादा त्याच्यासाठी सैल केली. पारखणारा बदलला नव्हता, तो फक्त आगगाडीत बसून पूर्वी न पाहिलेल्या मैदानापर्यंत गेला होता.

आपण शिक्षक संघ निवडतो, स्नेहसंमेलनात भूमिका देतो, शिष्यवृत्तीच्या जादा तासाला मुले बसवतो, विज्ञान प्रदर्शनाला कोण जाणार ते ठरवतो. निवड टाळता येत नाही, जागा मोजक्याच असतात. पण एक साधी वही ठेवता येते. जूनमध्ये कोणाला निवडले आणि कोणाला वगळले, दोन्ही नावे त्यात लिहावीत. शेजारी जन्मतारीख आणि निवडीचे कारण एका ओळीत लिहावे. दिवाळीनंतर वगळलेल्या नावांना पुन्हा एकदा संधी द्यावी, आणि शक्य झाल्यास ती दुसऱ्या शिक्षकांनी पाहावी. दोन-तीन वर्षांनी ती वही वर्गात घेऊन बसावे आणि मुलांनाच मोजायला सांगावे : निवडलेल्यांत कोणत्या महिन्यातली मुले जास्त? दुसऱ्या संधीत किती जण आले? आपल्या शाळेतली बांधाकडची ओळ कोणती, ते त्या आकड्यांवरून दिसू लागेल.