लाखेच्या रंगातले सोयरसंबंध

इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे राजे, लढाया आणि तह उभे राहतात. पेडण्याच्या इतिहासातही ते आहेतच. पण तहांनी आखलेल्या रेषांवरून अलगद पलीकडे जाणारे काही लहान धागेही असतात. कातारी आणि चितारी यांच्या हातच्या वस्तूंची देवघेव हा त्यांपैकी एक.

आमचे चोपडे गाव शापोरा नदीच्या उत्तर काठावर आहे. पैलतीरी शिवोली, म्हणजे बारदेश. बारदेश सोळाव्या शतकातच पोर्तुगीजांकडे गेला. पेडणे मात्र सावंतवाडीच्या भोसल्यांकडे राहिले. १७८८ साली पेडणेही पोर्तुगीज अमलाखाली आले आणि सरहद्द शापोऱ्यावरून तेरेखोल नदीपर्यंत सरकली. राज्य बदलले, पण सोयरिकी बदलल्या नाहीत. लेकी वाडीला जात राहिल्या, वाडीच्या लेकी इकडे येत राहिल्या.

त्यांच्याबरोबर लाकडी वस्तूही आल्या. आमच्या घरी दोन ठिकाणच्या आहेत. आजीने माहेरून, सावंतवाडीहून आणलेली भातुकली आणि पोळपाट-लाटणे, तसेच कुंकळ्ळीच्या चितारी मंडळींनी रंगवलेला पाट. एक उत्तरेची, एक दक्षिणेची; पण दोहोंवर लाखेची तीच झळाळी. लहानपणी आम्हांला वाटे, ही सगळी एकाच घरची भांडी.

ही झळाळी येते कशी, हे समजून घेण्यासारखे आहे. जुन्या खरादयंत्राला दोन माणसे लागत. एकजण लाकडाभोवती गुंडाळलेली दोरी आळीपाळीने ओढी, दुसरा पटाशी धरी. लाकूड एकदा पुढे, एकदा मागे फिरे. पटाशी लावायची ती पुढच्या फेऱ्यालाच. ओढणाऱ्याचा आणि कातणाऱ्याचा ताल जमला नाही तर लाकूड बिघडलेच. आकार आला की फिरत्या लाकडावर रंगीत लाखेची कांडी टेकवायची. घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळून लाकडावर चढते. मग केवड्याच्या पानाने घासले की चकाकी येते. म्हणून अशी वस्तू दुसऱ्या कारागिराच्या हाती पडली तर ती नुसती भेट राहत नाही. हत्यार कुठे अडखळले, लाख कुठे दाट बसली, हे सारे त्याला पत्रासारखे वाचता येते. शब्दांवाचून ओळख होते ती अशी.

सावंतवाडीच्या गंजिफांची कथा याच जातीची. अठराव्या शतकात खेमसावंतांच्या दरबारी धर्मशास्त्राच्या चर्चेसाठी तेलंगणातून पंडित आले आणि त्यांच्याकडून हा खेळ तेथे रुजला, असे परंपरा सांगते. पाहुण्यांचा खेळ चितारी समाजाने आपला केला. पुढे छापील पत्ते आले आणि ही कला मोडकळीस आली. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला शिवरामराजे भोसले आणि राणी सत्वशीलादेवी यांनी वयोवृद्ध पुंडलिक चितारी यांच्याकडून ती शिकून घेतली आणि राजवाड्यातच तरुण कारागीर बसवले. जेथे पूर्वी कारागीर मुजरा करी, तेथे राजा कारागिराचा विद्यार्थी झाला!

दूरच्या देशांतही असेच घडते. एकात एक बसणारी रशियन बाहुली, मात्र्योश्का, १८९० च्या दशकातली. जपानहून आलेल्या एका लाकडी बाहुलीवरून ती सुचली असे मानतात. रशियात आज ती देशाची खूण समजली जाते. अमेरिकेत १९८६ साली कातारी लोकांची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली. अशा हौशी मंडळींच्या मेळाव्यांत आपल्या हातचा भोवरा किंवा डबी दुसऱ्याला देण्याचा प्रघात आढळतो.

ही देवघेव तुटली की काय होते, तेही आमच्या भागाने पाहिले आहे. १५ ऑगस्ट १९५५ रोजी पत्रादेवीला सत्याग्रहींवर गोळीबार झाला आणि त्यानंतर सरहद्द बंद झाली. आजी सांगे, त्या वर्षीच्या चवथीला तिच्या भावाला येता आले नाही. माझ्या आत्यासाठी त्याने करून घेतलेले लाकडी भोवरे १९६१ च्या डिसेंबरात गोवा मुक्त होईपर्यंत वाडीच्या माळ्यावर पडून राहिले. ते इकडे पोचले तेव्हा आत्या भोवरे खेळण्याच्या वयाची राहिली नव्हती. तिने ते जपून ठेवले, एवढेच.

आज तेरेखोलवर कोणी अडवत नाही. सावंतवाडीची चितारआळी तासाभराच्या वाटेवर आहे. आपण तेथे जातो, खेळणी विकत घेतो, परततो. करणाऱ्याचे नाव विचारत नाही. प्लास्टिकने बाजार घेतला याची हळहळ सगळेच करतात. पण वस्तूमागचा माणूस ओळखीचा नसेल तर ती वस्तू टिकवायची कोणासाठी?

आमच्या शाळेत यंदा एक लहानसा प्रयोग योजला आहे. मुलांनी स्वतः घासूनपुसून करवंटीची किंवा लाकडाची एक वस्तू करायची, तळाशी आपले नाव लिहायचे आणि ती तेरेखोलपलीकडच्या एका शाळेतील मुलाला पाठवायची. उत्तरादाखल तिकडूनही एक वस्तू येईल. सोबतची चिठ्ठी मराठीत लिहा, कोंकणीत लिहा, मालवणीत लिहा. कारागिरीला भाषेचा अडसर नाही. वस्तू वेडीवाकडी झाली तरी चालेल, पण ती आपल्या हातची हवी, एवढीच अट ठेवली आहे. वाचकांपैकी कोणाच्या माळ्यावर जुने लाटणे, भोवरा किंवा पाळण्याचा खांब असेल, तर त्यांनी तो खाली काढून मुलांना दाखवावा आणि तो कोणाच्या लग्नात, कोणत्या गावाहून आला, ते सांगावे.