‘श्यामची आई’ आणि आपला खानदेश

मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी आपल्या भागाच्या इतिहासावर काही लिहावे, असे चिटणीसबाईंनी मला सुचविले. इतिहास म्हटला की किल्ले, लढाया आणि सनावळ्या डोळ्यांपुढे उभ्या राहतात. परंतु एखादे पुस्तक कसे जन्माला आले, त्याच्यामागे कोणते घर, कोणते गाव आणि कोणता तुरुंग होता, हाही इतिहासच आहे. आणि आपणां बायकांना तो अधिक जवळचा वाटण्यासारखा आहे. म्हणून साने गुरुजींच्या ‘श्यामची आई’विषयी चार शब्द लिहिण्याचे मी योजिले. माझे माहेर अमळनेरचे आणि सासर धुळ्याचे. गुरुजींच्या आयुष्यात या दोन्ही गावांना मोठे स्थान आहे. पण पुस्तकातले घर कोकणातले आणि ते लिहिले गेले नाशिकच्या तुरुंगात. मग त्यात खानदेशचा वाटा कोठून आला, असे कोणी विचारील. तो वाटा कोणता, हेच मला सांगावयाचे आहे.

पांडुरंग सदाशिव साने यांचा जन्म २४ डिसेंबर १८९९ रोजी कोकणात दापोलीजवळ पालगड येथे झाला. घराणे खोताचे. बाहेरून पाहणाराला ते सुखवस्तू वाटावे, पण आतून ओढगस्त. एकत्र कुटुंबातून वेगळे व्हावे लागले, आणि कर्जाचा डोंगर वाढत गेला. मोठ्या घराण्याची गरिबी ही जात्याच गरीब असणाऱ्याच्या गरिबीहून निराळी असते. तिला पोटाच्या भुकेबरोबर अब्रूचीही काळजी वाहावी लागते. सणावाराला पाहुणा आला तर ताटात काय वाढावे, याची चिंता घरातल्या बाईला लागते आणि चेहऱ्यावर मात्र हसू ठेवावे लागते. पांडुरंगाच्या आईने, यशोदाबाईंनी, हे सारे सोसले. मुलगा शिक्षणासाठी दापोली, औंध, पुणे असा हिंडत राहिला. १९१७ साली आई वारली, तेव्हा तो घरापासून दूर होता आणि अठरा वर्षांचाही झालेला नव्हता.

अनेकांच्या वाट्याला असे बालपण येते, पण त्यातून पुस्तक होत नाही. काहींच्या मनात त्याची अढी राहते, काहींना त्याची लाज वाटते, आणि पुष्कळ जण चार पैसे हाती आले की ते विसरून जाण्याचा यत्न करतात. आई गेल्यावर सोळा वर्षांनी गुरुजींनी तिच्यावर लिहिले. मधल्या या वर्षांत काय घडले हे पाहिल्याशिवाय पुस्तकाचे मर्म कळावयाचे नाही. आणि त्यातली बरीचशी वर्षे गुरुजींनी खानदेशात काढली.

श्रीमंत प्रतापशेठ यांच्या उदार आश्रयाने १९१६ साली अमळनेरला तत्त्वज्ञान मंदिर निघाले होते. बी. ए. झालेले तरुण साने तत्त्वज्ञानाचा अभ्यास करण्यासाठी तेथे आले. परंतु त्यांचे मन नुसत्या ग्रंथांत रमेना. १९२४ मध्ये ते अमळनेरच्या हायस्कुलात शिक्षक झाले आणि पुढे तेथील छात्रालयाचे काम त्यांच्याकडे आले. खेड्यापाड्यांतून आलेली मुले तेथे राहत असत. कोणाची आई नाही, कोणाच्या बापाची काळी जमीन सावकाराकडे गहाण, कोणाला वर्षाकाठी एकच सदरा. अशा मुलांचे पसरलेले कपडे गुरुजी धुऊन, घडी करून ठेवीत, खोल्या झाडीत, आजाऱ्याच्या उशाशी रात्र काढीत. त्यांनी मुलांसाठी ‘छात्रालय’ नावाचे हस्तलिखित दैनिक चालविले. ते रोज लिहावयाचे, आणि बहुतेक मजकूर स्वतःच लिहावयाचा. ज्यांनी स्वयंपाकघर चालविले आहे त्यांनाच रोजच्या रोज एखादी गोष्ट करण्यातले कष्ट कळतील! वाचणाऱ्या मुलाला समजेल अशा साध्या भाषेत, थोडक्यात आणि मनाला भिडेल असे लिहिण्याचा हात त्यांना येथेच बसला, असे मला वाटते.

मात्र हात बसण्यापेक्षाही एक मोठी गोष्ट येथे घडली. पालगडच्या घरात जे सोसले ते आपल्या एकट्याच्याच नशिबी आले नव्हते, हे त्यांना या मुलांच्या तोंडांकडे पाहून उमगले असले पाहिजे. कोकणातल्या खोताचे कर्ज आणि खानदेशातल्या कापूसवाल्या शेतकऱ्याचे कर्ज यांत फरक तो कितीसा? आपले दुःख दुसऱ्याच्या घरीही आहे हे कळले, म्हणजे त्यातला कडवटपणा निघून जातो आणि ते सांगण्याजोगे होते.

१९३० साली मिठाचा सत्याग्रह सुरू झाला. गुरुजींनी शाळेची नोकरी सोडली व चळवळीत उडी घेतली. धुळे आणि त्रिचनापल्ली येथील तुरुंग त्यांनी पाहिले. १९३२ मध्ये ते पुन्हा धुळ्याच्या तुरुंगात होते. त्या वेळी विनोबाही तेथेच होते. २१ फेब्रुवारीपासून १९ जूनपर्यंत दर रविवारी विनोबांनी गीतेच्या एकेका अध्यायावर प्रवचन केले. अशी अठरा प्रवचने झाली, आणि ती सारी साने गुरुजींनी उतरून घेतली. आज घरोघरी असलेली ‘गीता प्रवचने’ ती हीच. धुळेकर भगिनींनी याचा अभिमान जरूर बाळगावा. परंतु माझ्या विषयाच्या दृष्टीने यात आणखी एक गोष्ट आहे. चार महिने हा माणूस दुसऱ्याचे बोलणे, त्याचा ओघ न मोडता, कागदावर धरीत होता. बोललेली भाषा जिवंत ठेवून कशी लिहावी, याचा याहून मोठा अभ्यास कोणता? ‘श्यामची आई’ वाचताना कोणीतरी समोर बसून सांगत आहे असे आपल्याला वाटते, त्याचे एक बीज धुळ्याच्या तुरुंगात असावे.

पुढे नाशिकच्या तुरुंगात ९ फेब्रुवारी १९३३, गुरुवारी त्यांनी आईच्या आठवणी लिहावयास घेतल्या आणि १३ फेब्रुवारीला, सोमवारी पहाटे तेथले लेखन संपले. अवघे पाच दिवस! पण ज्या गोष्टी सोळा वर्षे मनात मुरल्या त्यांना कागदावर यावयास पाच दिवस पुरले, यात नवल ते काय? १९३५ मध्ये पुस्तक बाहेर आले. त्यात बेचाळीस रात्री आहेत.

आता हे आत्मचरित्र म्हणावे की गोष्ट? आठवणी खऱ्या आहेत, पण मांडणी कथेची आहे. लेखकाने स्वतःचे नाव काढून ‘श्याम’ हे नाव घेतले. एक आश्रम कल्पिला. तेथे रोज रात्री प्रार्थना झाल्यावर श्याम आपल्या आईविषयी सांगतो, मित्र ऐकतात, गावातली माणसेही येऊन बसतात. ही योजना साधी दिसते, परंतु तिने दोन गोष्टी साधल्या. नाव बदलल्यामुळे स्वतःकडे थोडे दुरून पाहता आले. आणि ऐकणारे समोर बसल्यामुळे स्वतःची कीव करीत बसण्याची सोय राहिली नाही. ऐकणाऱ्याला काही द्यावयाचे असेल तर आपलेच रडगाणे गाऊन कसे चालेल?

प्रसंगही पाहा. भाजीत मीठ घालावयाचे राहून गेले, आणि वडील व मुले काही न बोलता जेवून उठली. आई जेवावयास बसली तेव्हा तिला ते कळले. पाण्याला भिणाऱ्या श्यामला आईने छडी मारून पोहावयास पाठविले. श्यामने पुस्तकांच्या हौसेने पैसे चोरले. माहेरच्या आश्रयाला राहण्यापेक्षा आईला स्वतःची झोपडी बरी वाटली. हे सगळे प्रसंग घरातले, चुलीजवळचे आहेत. दारिद्र्य म्हणजे काय, यावर लेखक व्याख्यान देत नाही. मीठ, तेल आणि उंबरठा यांतूनच ते आपल्याला दिसते. श्याम हा गुणी बाळ म्हणून उभा केलेला नाही, तो हट्टी आहे, भित्रा आहे, चोरीही करतो. आपल्या हालांची गोष्ट सांगणारा माणूस बहुधा स्वतःला निर्दोष ठेवतो. गुरुजींनी तसे केले नाही, म्हणून त्यांच्यावर आपला विश्वास बसतो.

येथे एका शंकेचा विचार केला पाहिजे. आमच्या वाचनाच्या बैठकीत एका तरुण सुनेने विचारले, “या पुस्तकाने आईच्या सोसण्याचेच कौतुक केले नाही का? मग बायकांनी सोसतच राहावे असा त्याचा अर्थ होत नाही का?” प्रश्न रास्त आहे आणि तो टाळू नये. सोसण्याचा गौरव करून बायकांच्या माथी आणखी सोसणे मारण्याची रीत आपल्याकडे आहेच. परंतु पुस्तक नीट वाचले तर त्यातली आई नुसती सोसणारी नाही. जमिनीचा तुकडा विकून वेळीच कर्जातून मोकळे व्हावे, असे तिचे म्हणणे आहे. वडिलांना वडिलार्जित जमीन सोडवत नाही. शेवटी व्हावयाचे तेच होते. घरावर जप्तीची पाळी येते आणि अब्रू चव्हाट्यावर जाते. म्हणजे घरात हिशेब कोणाला कळत होता? आईला. आणि शब्द कोणाचा चालला? वडिलांचा. लेखकाने वडिलांना दुष्ट ठरविलेले नाही, त्यांचेही मन मोठे होते हे तो आवर्जून सांगतो. पण जे घडले ते झाकूनही ठेवलेले नाही. ज्या घरात बाईच्या व्यवहारज्ञानाला किंमत नाही त्या घराचे काय होते, हे मला या पुस्तकात स्पष्ट दिसते. आपले मंडळ बचतीच्या आणि हिशेबाच्या गोष्टी बोलते त्यामागे हीच जाणीव नाही का?

परदेशातले एक उदाहरण सांगण्याजोगे आहे. इंग्रजी कादंबरीकार चार्ल्स डिकन्स याचे वडील १८२४ साली कर्जापायी लंडनच्या तुरुंगात पडले आणि बारा वर्षांच्या चार्ल्सला बुटांच्या पॉलिशच्या कारखान्यात डब्यांना कागद चिकटविण्याच्या कामाला जावे लागले. ही आठवण त्याला इतकी लागली होती की त्याने ती आपल्या जिवलग मित्राजवळ तेवढी सांगितली, मुलांनाही कळू दिली नाही. मात्र ‘डेव्हिड कॉपरफील्ड’ या १८४९-५० च्या कादंबरीत ती दुसऱ्या नावाने आली. १८७० मध्ये तो वारला, त्यानंतर त्या मित्राने लिहिलेल्या चरित्रातून जगाला खरी हकीकत कळली. आपल्याला पुन्हा त्या कारखान्यात धाडण्यास आईची तयारी होती, हे डिकन्सला कधी विसरता आले नाही. कर्ज तेच, बालपणीचे हाल तेच. परंतु एकाच्या मनात आईविषयी जन्माची जखम राहिली, आणि दुसऱ्याला आईच आधार झाली. डिकन्सच्या कादंबऱ्यांनी गरीब मुलांकडे पाहावयास साऱ्या इंग्लंडला शिकविले, हे खरेच. पण आपल्याकडचे हे लहानसे पुस्तक त्या आईमुळे वेगळे झाले.

गुरुजींनी ते दुःख पुस्तकात बंद करून ठेवले नाही. १९३६ च्या डिसेंबरात आपल्या फैजपूरला काँग्रेसचे अधिवेशन भरले, खेड्यात भरलेले ते पहिलेच. त्यासाठी ते खानदेशची खेडी पायी हिंडले. १९३८ मध्ये त्यांनी अमळनेरहून ‘काँग्रेस’ साप्ताहिक काढले आणि शेतकरी व गिरणी कामगार यांची बाजू मांडली. १९४७ साली पंढरपूरचे मंदिर हरिजनांना खुले व्हावे म्हणून उपोषण केले. ज्याने लहानपणी दारावरचा अपमान पाहिला त्याला देवाच्या दारातला अपमान कसा सहन व्हावा? तथापि लिहिल्याने आणि कार्य केल्याने मनाच्या साऱ्या जखमा भरतात असेही नाही. ११ जून १९५० रोजी गुरुजींनी स्वतःच आपली जीवनयात्रा संपविली. लाखो मुलांचे अश्रू पुसणाऱ्याचे स्वतःचे दुःख शिल्लक राहिले होते. हेही आपण आदराने लक्षात ठेवावे, आणि आपल्या ओळखीत कोणी मनाने खचलेले असेल तर त्याला एकटे सोडू नये.

जाता जाता जळगावकडची एक आठवण. असोद्याच्या बहिणाबाई चौधरी यांना अक्षरओळख नव्हती. ऐन तिशीत वैधव्य आले. शेतात आणि जात्यावर त्या गाणी रचीत. १९५१ मध्ये त्या वारल्या. मुलगा सोपानदेव यांच्यामुळे ती गाणी आचार्य अत्रे यांच्यापुढे गेली आणि १९५२ साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. पुढच्याच वर्षी, १९५३ मध्ये, अत्रे यांनीच ‘श्यामची आई’ हा चित्रपट काढला व त्याला १९५४ साली राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक मिळाले. एका आईचे शब्द मुलाने जपले; दुसऱ्या आईची गोष्ट मुलाने सांगितली. दोन्हीकडे कष्ट बाईचे, आणि ते जगापुढे आले ते कोणीतरी कान देऊन ऐकले म्हणून.

आता बायकांना शिक्षण आहे, हाती लेखणी आहे. मुलाने येऊन आपली गोष्ट सांगावी म्हणून वाट पाहण्याचे कारण उरलेले नाही. आपल्या मंडळात दुष्काळ पाहिलेल्या, गिरणी बंद पडल्यावर संसार सावरलेल्या, एकटीने मुले वाढविलेल्या कितीतरी भगिनी आहेत. त्यांनी लिहावे. नाव बदलून लिहिले तरी चालेल. कोणाला दोष देण्यासाठी लिहू नये आणि स्वतःला फार थोर करूनही लिहू नये; भाजीत मीठ नव्हते त्या दिवशी घरात काय झाले, एवढेच खरेपणाने सांगावे. ज्यांना लिहिणे जमत नसेल त्यांच्याजवळ एखाद्या मुलीने वही घेऊन बसावे. पुढच्या वर्षीच्या स्मरणिकेत अशी चार पाने आली, तर आपल्या खानदेशच्या इतिहासात मंडळाने मोलाची भर घातली असे मी समजेन.