तळटीप : फिरते अमेरिकन व्यक्तिचित्रकार

* लेखकाने येथे उल्लेखिलेल्या फिरत्या चित्रकारांत अमी फिलिप्स (१७८८–१८६५) हे ठळक नाव. कनेटिकटमध्ये जन्मलेला हा चित्रकार न्यूयॉर्क आणि मॅसॅच्युसेट्सच्या सीमेलगतच्या गावांतून हिंडत तिथल्या सुखवस्तू घरांतली माणसे रंगवी. त्याची शैली काळाबरोबर इतकी पालटली की ही चित्रे दोन वेगळ्या अनामिक चित्रकारांची आहेत, असे अभ्यासक दीर्घकाळ मानत होते. न्यूयॉर्कच्या अमेरिकन फोक आर्ट म्यूझियममधले त्याचे लाल झग्यातल्या मुलीचे चित्र (१८३०–३५च्या सुमाराचे) सावकाश पाहावे. हातांत पांढरे मांजर, पायाशी कुत्रा, गळ्यात पोवळ्यांच्या माळा. गडद पार्श्वभूमीवर झग्याचा लाल रंग जवळजवळ सपाट पसरला आहे. अंगाची गोलाई दाखवण्यापेक्षा आकाराची कड नेमकी यावी, यावर सगळी भिस्त. हात कच्चा होता म्हणून असे झाले, हे मत मला मुळीच पटत नाही. इतका मोठा लाल आकार चौकटीत तोलून धरायला कसलेली नजर लागते. शिवाय सपाटपणामागे पैशाचेही गणित असे : विल्यम मॅथ्यू प्रायर (१८०६–१८७३) छायाप्रकाशाविना काढलेले चित्र पाव किमतीत देऊ करी. या दोघांच्याही आधीचा, बाल्टिमोरचा जोशुआ जॉन्सन हा कृष्णवर्णीय चित्रकार १७८२मध्ये गुलामीतून मुक्त झाला. १७९८च्या वृत्तपत्रातील जाहिरातीत तो आपण स्वतःच शिकल्याचे अभिमानाने सांगतो. — संपादक