छायाचित्रानंतरची किम

व्हिएतनामचं युद्ध म्हटलं की एक छायाचित्र हमखास आठवतं. रस्त्यावरून रडत धावत येणारी, अंगावरचे कपडे जळून गेलेली नऊ वर्षांची मुलगी. ८ जून १९७२ रोजी त्रांग बांग गावाजवळ ते टिपलं गेलं आणि पुढच्या वर्षी त्याला पुलित्झर पारितोषिक मिळालं. मुलीचं नाव फान थी किम फुक. ते छायाचित्र जगानं पाहिलं. त्या मुलीचं पुढे काय झालं, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असतं.

त्या दिवशी दक्षिण व्हिएतनामच्याच विमानानं चुकून आपल्याच माणसांवर नापाम टाकलं. नापाम म्हणजे घट्ट केलेलं इंधन. ते अंगाला चिकटतं आणि जळत राहतं. किमच्या नात्यातली दोन चिमुकली मुलं त्यात दगावली. तिची पाठ, मान आणि डावा हात भाजून निघाला. छायाचित्रकार निक उट यांनी तिला गाडीतून रुग्णालयात पोचवलं. पुढे सायगावात ती जगणार नाही असं समजून तिला शवागारात ठेवलं गेलं. तिसऱ्या दिवशी घरच्यांना ती तिथं सापडली. श्वास चालू होता.

तिथून तिला भाजलेल्या मुलांसाठीच्या खास विभागात हलवलं. तो विभाग उभारला होता अमेरिकेच्या डॉ. आर्थर बार्स्की यांनी. हिरोशिमाच्या अणुबॉम्बमध्ये होरपळलेल्या तरुणींवर १९५५ साली न्यूयॉर्कमध्ये ज्यांनी शस्त्रक्रिया केल्या, तेच हे डॉक्टर. किम रुग्णालयात १४ महिने होती. नंतर १९८४ साली जर्मनीत झालेली शस्त्रक्रिया धरली, तर तिच्यावर एकंदर १७ शस्त्रक्रिया झाल्या. रोज सकाळी परिचारिका तिला पाण्याच्या टबात बसवत आणि भिजून सैल झालेली मेलेली कातडी काढत. वेदनेनं तिची शुद्ध हरपत असे. पण याच काळात तिनं मनाशी ठरवलं, आपणही डॉक्टर व्हायचं.

१९७५ साली युद्ध संपलं. किम वैद्यकीय शिक्षणाच्या वाटेला लागली. तेवढ्यात ‘त्या’ छायाचित्रातली मुलगी हीच, हे नव्या सरकारच्या ध्यानात आलं. परदेशी पत्रकारांपुढे तिला वारंवार उभं केलं जाऊ लागलं आणि शिक्षण सुटलं. १९८६ साली तिला क्युबात शिकायला पाठवलं गेलं. तिथं भेटलेल्या व्हिएतनामी तरुणाशी तिनं १९९२ साली लग्न केलं. मधुचंद्रासाठी दोघं मॉस्कोला गेली. परतताना विमान इंधन भरायला कॅनडाच्या गँडर विमानतळावर थांबलं. दोघं खाली उतरली आणि त्यांनी आश्रय मागितला. कॅनडानं तो दिला.

किम डॉक्टर झाली नाही. पण १९९६ साली वॉशिंग्टनमध्ये, व्हिएतनाम युद्धातल्या सैनिकांच्या स्मारकापाशी उभं राहून तिनं क्षमेची भाषा केली. १९९७ साली ती युनेस्कोची सदिच्छादूत झाली आणि युद्धात जखमी झालेल्या मुलांच्या उपचारांसाठी तिच्या नावानं संस्था निघाली. जुलै २०२२ मध्ये युक्रेनचे २३६ निर्वासित वॉर्सातून विमानानं कॅनडाला निघाले, तेव्हा पन्नाशी उलटलेली किम त्यांच्या सोबतीला होती. विमानावर तेच छायाचित्र रंगवलेलं होतं.

२०२५ साली त्या छायाचित्रावर मोठा वाद झाला. ते निक उट यांनी काढलं की दुसऱ्या कुणी, यावर बरंच लिहून आलं. श्रेय कुणाचं, हे तपासायलाच हवं. पण १४ महिने रोज त्या पोरीच्या जखमा धुणाऱ्या परिचारिकांची नावं आपल्यापैकी कितीजणांना ठाऊक आहेत? छायाचित्र एका क्षणात निघालं. तिचं जगणं मात्र अशा अनेक हातांनी, दिवसामागून दिवस, सावरून धरलं.

‘निर्वासित’ म्हणजे ज्याचा वास, ज्याचं घर सुटलं तो. आपण त्याला बहुधा त्याच्या सर्वांत वाईट दिवशी पाहतो आणि तेवढ्यावरच त्याला ओळखतो. किमचा तो दिवस १९७२ सालचा होता. त्यानंतरचं सगळं आयुष्यही तिचंच आहे, आणि त्यात तिनं घेतलं त्याहून दिलेलं कमी नाही. वर्तमानपत्रात पुन्हा एखाद्या होरपळलेल्या मुलाचं छायाचित्र दिसेल, तेव्हा पान उलटण्याआधी एवढंच विचारू या: हे मूल आता कुठं आहे, आणि त्याच्या जखमा कोण धुतं आहे?