वळिवड्याच्या छावणीतील नाताळ

आगमनकाळ सुरू झाला की परदेशी स्थायिक झालेल्या आपल्या मुलामुलींची पत्रे येत; आता दूरध्वनी येतात. "फादर, इथे सगळे मिळते, पण नाताळ आल्यासारखे वाटत नाही," हे वाक्य मी दरवर्षी ऐकतो. त्यांना मला एका छावणीची हकीकत सांगावीशी वाटते. ती छावणी आपल्याच महाराष्ट्रात, कोल्हापूरनजीक वळिवडे येथे होती आणि तिच्यात १९४३ ते १९४८ या काळात पोलंडचे सुमारे पाच हजार निर्वासित राहत होते. बहुतेक स्त्रिया, मुले आणि वृद्ध; जवळजवळ सारे कॅथलिक.

सप्टेंबर १९३९ मध्ये जर्मनीने पश्चिमेकडून आणि सोव्हिएत रशियाने पूर्वेकडून पोलंड गिळंकृत केला. फेब्रुवारी १९४० पासून पूर्व पोलंडमधील लाखो माणसांना मालगाड्यांत कोंबून सैबेरिया व कझाकस्तानात नेण्यात आले. १९४१ साली हिटलर रशियावर उलटला, तेव्हा कोठे त्यांची सुटका झाली. १९४२ मध्ये जनरल आन्डर्स यांच्या सैन्यासह एक लाखाहून अधिक पोलिश लोक इराणात पोहोचले. पुरुष लढाईवर गेले. बायकामुले आफ्रिकेत, हिंदुस्थानात पांगली. जामनगरजवळ बालाचडी येथे जामसाहेब दिग्विजयसिंहजींनी शेकडो मुलांना पोटाशी धरले. मोठी कुटुंबवस्ती मात्र वळिवड्यास झाली. तेथे चर्च होते, शाळा होत्या, दवाखाना होता.

पोलिश नाताळाचा प्राण चोवीस डिसेंबरच्या संध्याकाळच्या जेवणात असतो. त्याला ते 'विगिलिया' म्हणतात. आकाशात पहिली चांदणी दिसल्याशिवाय घास घ्यायचा नाही. मेजावरील पांढऱ्या कापडाखाली गव्हाणीची खूण म्हणून वाळले गवत पसरायचे. जेवणात मांस नसते. आरंभी 'ओप्वातेक' मोडायचा. ही आपल्या मिस्सेतील भाकरीसारखीच पातळ पापडी. ती आशीर्वादित असते, पण ख्रिस्तप्रसाद नव्हे. प्रत्येकाने दुसऱ्याच्या हातातील तुकडा मोडून घ्यायचा, क्षमा मागायची, शुभ चिंतायचे. दूरदेशीच्या आप्तांना ती पाकिटात घालून पाठविण्याचीही चाल आहे. मग मध्यरात्रीची मिस्सा, 'पास्तेर्का', म्हणजे मेंढपाळांची.

यातले काय वळिवड्यात होते? बर्फ नव्हते. पोलंडात डिसेंबरात दुपारी चारच्या सुमारास अंधारते. कोल्हापुरास सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, म्हणजे भुकेल्या पोरांना चांदणीसाठी दोन तास अधिक ताटकळणे आले. गवताला मात्र पंचगंगेकाठी काय तोटा! भोवती मराठी बोलणारी खेडी, आणि वर्षाचा थंडीतला सर्वांत सुखाचा महिना. हिमाची सवय असलेल्यांना तो हिवाळाच वाटला नसणार.

परंतु त्या मेजावर आणखी एक रीत असते. एक ताट रिकामे मांडायचे, अवचित दार ठोठावणाऱ्या पाहुण्यासाठी. बेथलेहेमात ज्यांना जागा मिळाली नाही, त्यांची आठवण त्यात आहे. वळिवड्यातील ज्या घराचा बाप इटलीत लढत होता, ज्या घरची आजी कझाकस्तानच्या मातीत राहिली होती, त्या घरात ते ताट अनोळखी पाहुण्याचे कसे राहील? मे १९४४ मध्ये पोलिश सैनिकांनी मोन्ते कासिनोच्या भग्न मठावर, संत बेनेडिक्टच्या त्या डोंगरावर, आपले निशाण रोवले. हजारो जण जायबंदी झाले, शेकडो तेथेच पडले. त्या वर्षीच्या नाताळात ते ताट मांडणाऱ्या आईचे हात मला दिसतात. नाताळचे वातावरण, असे आपण सहज म्हणतो. ते वातावरण तेथे अशा आयांनी, मिळेल त्या सामग्रीत, मुलांसाठी उभे केले. मुलांना दुःख दिसत नव्हते असे मी म्हणणार नाही.

युद्ध संपले, पण त्यांचे परतणे सोपे झाले नाही. फेब्रुवारी १९४५ च्या याल्टा परिषदेत त्यांचा पूर्वेचा मुलूख सोव्हिएत संघाकडे गेला; ज्या घराची आठवण काढायची ते घर नकाशावर दुसऱ्याच देशात पडले. काही जण पोलंडला गेले, बरेचसे इंग्लंडला व इतरत्र. रिकाम्या झालेल्या वस्तीत सिंधहून आलेले निर्वासित राहू लागले. तेच आजचे गांधीनगर.

कोल्हापुरात काही पोलिश कबरी आहेत. २०१९ साली छावणीत बालपण गेलेली काही वृद्ध मंडळी वळिवड्यास येऊन गेली. मुले म्हणून आलेली ती माणसे तोवर ऐंशीच्या घरात पोहोचली होती.