शिरगणतीचे आंकडे आणि अमेरिकेचें दार

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांची पहिली शिरगणती १७९० सालीं झाली, तेव्हां तेथें सुमारें ३९ लाख लोक होते. १९१० त ते ९ कोटी २० लाखांवर गेले. ही वाढ परदेशांतून आलेल्यांमुळें झाली कीं जुन्या रहिवाशांच्या संततीनें, हा प्रश्न वरवर त्रैराशिकाचा दिसतो. पण त्याच्या उत्तरावर लक्षावधि लोकांचें भवितव्य अवलंबून राहिलें.

१८७० च्या शिरगणतीचे अधीक्षक फ्रान्सिस वॉकर यांनीं पुढें असा सिद्धांत मांडला कीं, परदेशीयांच्या आगमनानें लोकसंख्येंत वस्तुतः भर पडलीच नाहीं. हलक्या मजुरीवर राबणाऱ्या आगंतुकांशीं चढाओढ करण्यास जुनीं कुटुंबें धजेनात. त्यांच्या घरीं मुलें कमी झालीं, आणि न जन्मलेल्यांची जागा आगंतुकांनीं घेतली, असें त्यांचें म्हणणें. युक्तिवाद मोठा चतुर खरा! परंतु तेथील जननप्रमाण एकोणिसाव्या शतकाच्या आरंभापासूनच उतरूं लागलें होतें, आणि आयरिश व जर्मन लोकांचे मोठे लोंढे आले ते १८४० नंतर. कार्य आधीं आणि कारण मागून, हा न्याय आम्हांस मान्य करवत नाहीं.

तथापि आगंतुकांविषयींची ही धास्ती ओसरली नाहीं. १९०७ या एका वर्षांत सुमारें १२ लाख ८५ हजार लोक उतरले. त्यांत इटली, रशिया व ऑस्ट्रिया-हंगेरी येथील लोकांचा भरणा होता. १९२१ च्या कायद्यानें प्रत्येक राष्ट्राचा वार्षिक वांटा ठरविला: १९१० च्या शिरगणतींत त्या राष्ट्रांत जन्मलेले जितके लोक आढळले, त्यांच्या शेंकडा तीन. १९२४ त तो शेंकडा दोनवर आणला, आणि (खरी मेख येथेंच आहे) आधार धरला १८९० च्या शिरगणतीचा! १९२० चे ताजे आंकडे हातीं असतां हे शिळे आंकडे कां? कारण १८९० त इटालियन लोक थोडे होते. इटलीचा वांटा ४२,०५७ वरून ३,८४५ वर आला. आपल्या मजुरांस तर १९१७ पासूनच बंदी होती. १९२३ त भगतसिंग थिंड या पंजाबी गृहस्थांच्या खटल्यांत तेथील सर्वोच्च न्यायालयानें हिंदी लोक नागरिकत्वासही अपात्र ठरविले.

वॉकर यांचें म्हणणें खरें असतें, तर दार लोटल्यावर जुन्या कुटुंबांत पाळणे वाढावयास हवे होते. प्रत्यक्षांत जननप्रमाण आणखी घसरलें. १९२९ नंतरच्या मंदीचा त्यांत हात होता. पण घसरण तिच्या आधींपासूनच चालू होती. परदेशीं जन्मलेल्यांचें प्रमाण मात्र १९१० च्या शेंकडा १४.७ वरून १९७० त ४.७ वर आलें. १९२९ त हिशेबाची रीत बदलली, तरी राष्ट्रवार वांटे १९६५ चा कायदा होईपर्यंत टिकले.